अनुभव शून्य, तरी एलएलएमला बाहेर जाऊ का?

या महिन्यात पत्रांचा गठ्ठा उघडला आणि बघते तर जवळपास सगळे लॉचे विद्यार्थी नाहीतर त्यांचे आईवडील, आणि सगळ्यांचा विषय एकच, परदेशात एलएलएम, म्हणजे कायद्यातली मास्टर्स. त्यामुळे भाडेकरू, घटस्फोट आणि सोसायटीचं पार्किंग पुढच्या अंकात, या वेळी फक्त हेच.

प्रश्न: ताई नमस्कार, मी बीए एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आत्तापर्यंतची सरासरी ६४ टक्के. पुढच्या वर्षी लगेच एलएलएमला इंग्लंडला जायचंय, पण कॉलेजात सगळे म्हणतात आधी दोन वर्षं प्रॅक्टिस कर, फ्रेशरला तिकडे कोणी उभं करत नाही. बाबा म्हणतात एकदा कोर्टात पाय ठेवलास की तू कुठली जाणार, जायचं तर आत्ताच जा. कोणाचं ऐकू? (शेवटच्या वर्षाची, नाशिक)

उत्तर: फ्रेशरला घेत नाहीत हे बहुतेक एमबीएवाल्या चुलत भावंडांकडून आपल्याकडे आलंय. एमबीएला अनुभव बघतात हे खरं, पण इंग्लंडमधली एलएलएम मुळात अभ्यासाची डिग्री आहे, तिथे आधी मार्क बघतात, मग बाकीचं. केंब्रिजची एलएलएम, ऑक्सफर्डची बीसीएल (नावात बॅचलर आहे म्हणून फसू नको, ती मास्टर्सच्याच तोडीची आहे), लंडनमधली एलएसई, यूसीएल, किंग्ज, यातल्या कुठेही नोकरीच्या अनुभवाची अट नाही आणि आपल्याकडची मुलं कॉलेज संपवून थेट जातातच. सिंगापूरच्या एनयूएस विद्यापीठाचंही तसंच. अमेरिकेत जरा वेगवेगळं आहे, हार्वर्डला अट म्हणून नाही, पण स्टॅनफर्डसारखे लोक साधारण दोन वर्षांचं काम झालेलं मागतात. म्हणजे सगळ्यांचं एकच असतं असं धरून चालू नको, ज्या त्या विद्यापीठाचं पान उघडून बघ.

तुझी खरी अडचण मला ६४ मध्ये दिसते, स्पष्टच सांगते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला वर्गातले पहिले दोन-चार हवे असतात. बाकी ठिकाणी ६४ वर जमू शकतं, कारण आपल्याकडे लॉच्या पेपरला मार्क किती हात आखडून देतात हे त्यांना माहीत असतं, आणि प्रत्येक विद्यापीठाने भारतातल्या टक्क्यांसाठी वेगळा आकडा दिलेला असतो तो बघायचा. पण नुसत्या टक्क्यांवर अर्ज टाकू नको. प्रिन्सिपलकडून लेटरहेडवर वर्गात इतक्यांपैकी इतकावा नंबर असं पत्र घे. तुझ्या वर्गात १२० मुलं असतील आणि ६४ ला तू चौथी असशील तर ते ६४ वेगळेच दिसतात की नाही? हे पत्र मागायला कोणी जात नाही, का ते मला आजवर कळलेलं नाही.

आणि अनुभव शून्य हे पण मी मान्य करत नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या कोर्सला १२ आठवडे इंटर्नशिप करावीच लागते, शिवाय एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला कोर्टात बसून बघायचा आणि त्याची डायरी लिहायची, त्याला मार्कही असतात. आता आपल्याकडे त्या जर्नलचं काय होतं ते तुला माहीत आहे आणि मलाही, मागच्या वर्षीच्या मुलीचं जर्नल आणायचं, नावं बदलायची, रविवारी दुपारी बसून उतरवून काढायचं. तू तसंच केलं असशील तर आत्ता कपाळाला हात लाव, आणि केलं नसशील तर ते जर्नल म्हणजे तुझ्या अर्जाचा अर्धा मसाला आहे. त्यातल्या एका खटल्यात साक्षीदार उलटतपासणीत का फिरला, किंवा जप्तीचा पंचनामा का टिकला नाही, हे तू स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंयस. तालुक्याच्या कोर्टात लोकअदालतीला बसली असशील, कॉलेजच्या लीगल एड सेलमधून गावात गेली असशील, मूट (कॉलेजातला लुटुपुटुचा खटला) केलं असशील, ते सगळं धरायचं.

आता तुझे मित्र कुठे बरोबर आहेत ते. प्रवेश मिळेल गं, दार लागतं ते डिग्री झाल्यावर. मी स्वतः चार वर्षं ज्युनिअरशिप करून गेले होते. माझ्या शेजारी बंगळुरूची एक मुलगी बसायची, कॉलेजातून थेट आलेली, वाचायला दिलेलं सगळं वाचून यायची, समासात पेन्सिलने बारीक बारीक नोट्स, आणि मी चार वर्षं तारखा घेण्यात आणि सिनिअरची फाइल धरून पळण्यात घालवलेली, माझ्या वाचनाला गंज चढलेला. वर्गात ती आमच्या सगळ्यांच्या पुढे. मग इंटरव्ह्यूचे दिवस आले. तिला विचारलं आत्तापर्यंत स्वतः काय काय ड्राफ्ट केलंय, तर तिच्याकडे मूटसाठी लिहिलेलं मेमोरियल, बस. मला तेच विचारलं तर मी दावा, कैफियत, मनाईहुकुमाचा अर्ज सगळं घडाघडा सांगितलं, आणि खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं मी आधीच्या फाइलवरून उतरवलेलं होतं, पण उतरवताना शिकलेलं होतं ना! तिकडच्या मोठ्या फर्म्स ट्रेनी म्हणून घ्यायची मुलं दोन-दोन वर्षं आधी ठरवून ठेवतात, आणि एलएलएम करून आलेल्यांतून घेतलंच तर आपल्या देशात काम केलेलं माणूस घेतात. त्यात पदवीनंतर राहून नोकरी शोधायला इंग्लंडमध्ये जी दोन वर्षं मिळायची ती १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच आहेत, तू त्यातच येणार. अमेरिकेत तर एलएलएमनंतर कामाला मिळतं एकच वर्ष, आणि त्यातले पहिले काही महिने न्यूयॉर्कच्या बारची, म्हणजे तिथल्या वकिलीच्या परवान्याची, परीक्षा आणि निकालाची वाट बघण्यात जातात.

म्हणून कोणाचं ऐकू याचं उत्तर असं, की पुढे पीएचडी, संशोधन, शिकवणं, आंतरराष्ट्रीय संस्था असलं काही डोक्यात असेल तर बाबांचं ऐक, वाचनाची सवय ताजी आहे तोवर जा. तिकडच्या फर्ममध्ये नोकरी हवी असेल तर मित्रांचं ऐक, दोन-तीन वर्षं काम कर, तेही अशा ठिकाणी जिथे खरंच ड्राफ्टिंग हातात देतात. आणि नाशिकलाच वकिली करायची असेल तर दोघांचंही ऐकू नको, तिथे तुझी एलएलएम लंडनची की आणखी कुठली हे ना जज विचारणार ना पक्षकार, पक्षकार फक्त विचारतो तारीख कधी आहे.

काहीही ठरव पण निकाल लागला की सनद, म्हणजे बार कौन्सिलकडची वकील म्हणून नोंदणी, काढून ठेव. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नोंदणीला ७५० रुपयांच्या वर, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांकडून १२५ च्या वर घेता येणार नाहीत, त्याआधी हा खर्च हजारोंत जायचा. सनद असली की कॅलिफोर्नियाच्या बारच्या परीक्षेला एलएलएम न करताही बसता येतं. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायला २०२१ पासून एसक्यूई ही परीक्षा आहे, तिला एलएलएम लागतच नाही, आणि आधीच वकील असलेल्यांना तिथली दोन वर्षं कामाची अटही माफ आहे. हे निम्म्या मुलांना तिकडे जाऊन, फी भरून झाल्यावर कळतं. फक्त सनद घेतल्यावर दोन वर्षांत ऑल इंडिया बारची परीक्षा द्यायची असते, ते परदेशात बसून विसरू नको.

प्रश्न: मॅडम, मुलगा यंदा वकील झाला. लंडनला एलएलएमसाठी सगळं मिळून ५० लाख लागतील असं पुण्यातल्या एजंटने सांगितलंय. आमची साडेपाच एकर कोरडवाहू आहे, ती तारण ठेवून बँक कर्ज देईल का? मुलाला अजून कामाचा काही अनुभव नाही. परत फिटेल का हो? (मुलाचे वडील, लातूर)

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी जमिनीचं सांगते. शेतजमीन बँका शैक्षणिक कर्जाला सहसा तारण घेत नाहीत, कारण कर्ज थकलं तर ज्या सरफेसी कायद्याने बँक मालमत्ता ताब्यात घेते त्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळलेली आहे. बँकेला एनए (बिगरशेती) प्लॉट लागतो, नाहीतर घर किंवा फ्लॅट. साडेसात लाखांच्या वर कर्ज म्हटलं की बहुतेक सरकारी बँका तारण मागतातच. आणि मी कोण सांगणारी, पण या कामासाठी जमीन विकू नका. अनुभव नसलेल्या मुलाला तिकडे वर्षभरात नोकरी लागेल आणि पाउंडात हप्ते जातील या हिशोबावर तर अजिबातच नको, वर नाशिकच्या मुलीला का ते लिहिलंय. तो परत आला तर इथे सुरुवातीच्या ज्युनिअरला महिन्याला जे मिळतं त्यात ५० लाखांचं व्याजसुद्धा निघणार नाही.

एजंटच्या ५० लाखांत काय काय धरलंय ते कागदावर लिहून घ्या. व्हिसाच्या वेळी आरोग्याचा अधिभार वर्षाला ७७६ पाउंड वेगळा भरावा लागतो. शिवाय राहण्याच्या खर्चाचे, लंडन असेल तर महिन्याला दीड हजार पाउंडांच्या आसपास, असे नऊ महिन्यांचे पैसे दाखवायचे असतात. स्वतःचे पैसे दाखवणार असाल तर ते खात्यात सलग २८ दिवस पडून असावे लागतात, एक दिवसही खाली जायला नको. एकाचे वडील २६ व्या दिवशी त्याच खात्यातून खताच्या दुकानदाराला पैसे देऊन मोकळे झाले, मग पुन्हा पहिल्यापासून मोजणी! बँकेचं कर्ज मंजुरीचं पत्र असेल तर या २८ दिवसांची भानगड नसते. आणि एजंटला ठरावीक विद्यापीठांकडून कमिशन मिळतं, तो तीच नावं पुढे करतो, हे लक्षात असू द्या.

त्यापेक्षा मुलाला शिष्यवृत्त्यांच्या मागे लावा. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध असाल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडून, तिला नोकरीचा अनुभव लागत नाही, उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट आहे. तिथे विद्यापीठाची विनाअट ऑफर लागते, आणि गुणपत्रिका हातात आली नाही तर ऑफर सशर्तच राहते, यात बरीच मुलं अडकतात, तेव्हा तुमच्या मुलाचा निकाल लागलाय हा मोठा फायदा आहे. मराठा समाजासाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावाची योजना आहे. कोणालाही चालेल अशी इनलॅक्सची शिष्यवृत्ती आहे, पण ती अगदी वरच्या विद्यापीठांसाठी आणि स्पर्धा भयंकर. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून कर्जरूपाने मदत करते, ते पैसे परत करायचे असतात. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीचं नाव सगळे घेतात पण तिथे २८०० तास म्हणजे साधारण दोन वर्षं काम झालेलं लागतं, तुमच्या मुलाचा अर्ज तिथेच बाद होईल, त्यात वेळ घालवू नका.

सयाजीराव म्हटलं म्हणून आठवलं, बाबासाहेब त्यांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, तिथून १९१६ मध्ये लंडनला, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. मुलाला दोन वर्षं थांबायला सांगायचं असेल आणि त्याला ते अपमानाचं वाटत असेल तर हे सांगा.

प्रश्न: मला जेएमएफसी, म्हणजे न्यायाधीशपदाची परीक्षा, द्यायची आहे. आधी परदेशात एलएलएम करून आलो तर परीक्षेत फायदा होईल का? (अहिल्यानगर)

उत्तर: उलट होईल. २० मे २०२५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेला तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. ही तीन वर्षं तात्पुरत्या नोंदणीपासून मोजतात, आणि न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून काढलेला काळही त्यात धरतात. परदेशात वर्गात बसलेलं वर्ष त्यात येत नाही. सनद काढा आणि कोर्टात उभं राहायला लागा.

प्रश्न: ताई, एसओपी (हा कोर्स का करायचाय ते सांगणारं अर्जासोबतचं निवेदन) लिहिलाय, एकदा बघाल का? सुरुवात अशी आहे, लहानपणापासूनच मला अन्यायाची चीड होती आणि काळा कोट मला खुणावत असे. नोकरी केलेली नाही त्यामुळे पुढे काय लिहावं सुचत नाहीये, सध्या मूटची सर्टिफिकेटं एकेक करून लिहिली आहेत. (कोल्हापूर)

उत्तर: बाळा, काळा कोट सगळ्यांनाच खुणावतो, एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता घालून बघ म्हणजे खुणावायचा थांबेल. पहिलं वाक्य काढून टाक. दुसरंही काढ. सर्टिफिकेटं सीव्हीत गेली की झालं, एसओपीत पुन्हा नको.

तू पत्रात खाली सहज लिहून गेलायस की आजोबांच्या पूररेषेतल्या घराच्या भरपाईसाठी तू तीन वेळा तलाठी कार्यालयात गेलास, दर वेळी पंचनाम्यात घर पक्कं की कच्चं यावर अडलं, कारण भिंती विटांच्या आणि छप्पर पत्र्याचं. अरे हेच लिही की! पक्कं आणि कच्चं याची व्याख्या कुठे आहे, कोणी ठरवली, तिच्यावर अपील कुठे करायचं, हे तुला त्या वेळी कळलं नाही आणि म्हणून तुला प्रशासकीय कायदा किंवा आपत्ती आणि पर्यावरणाचा कायदा शिकायचाय, इतकं सरळ. मग ज्या विद्यापीठाला अर्ज करतोयस तिथे तो विषय कोण शिकवतं, त्या माणसाचं एखादं लेखन खरंच वाच आणि त्यातलं तुला काय पटलं नाही ते दोन ओळींत लिही. पटलेलं सगळेच लिहितात. आणि अनुभव नसल्याबद्दल माफी मागणारं एकही वाक्य नको, विचारलेलं नसताना आपण होऊन उणं दाखवायची सवय आपल्या लोकांना फार.

प्रश्न: एलएसएटी द्यावी लागते का? आयईएलटीएस किती लागतं? इंग्लिश मीडियम असूनही? (डोंबिवली)

उत्तर: एलएसएटी नाही, ती प्रवेशपरीक्षा अमेरिकेत जेडीला, म्हणजे तिथल्या वकिलीच्या मूळ पदवीला. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, तिच्यात वरच्या लॉ स्कूलना ७ ते ७.५ लागतं, आणि लिहिण्याच्या भागात आपली मुलं मार खातात, तिथे जास्त तयारी करा. इंग्रजी माध्यमाचं पत्र काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही, कॉलेजच्या भरवशावर राहू नका. अर्ज साधारण ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होतात, ऑक्सफर्ड, केंब्रिज, हार्वर्ड यांची मुदत डिसेंबर-जानेवारीतच संपते, म्हणजे परीक्षा दिवाळीआधी झालेली बरी.

प्रश्न: मॅडम, मी कधी कोणाकडे काम केलं नाही त्यामुळे शिफारसपत्र कोणाचं घेऊ? एक सर म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो. दुसऱ्या मॅडमना मी फारशी माहीत नाही. मामांच्या ओळखीचे एक निवृत्त न्यायाधीश आहेत, त्यांचं घेतलं तर वजन पडेल का? (अमरावती)

उत्तर: न्यायाधीशांचं राहू दे. तुला कधी शिकवलं नाही, तुझं एक पानही वाचलं नाही, ते काय लिहिणार, मुलगी सुस्वभावी असून चांगल्या घरातली आहे? असली पत्रं वाचणाऱ्याला लगेच कळतात. थेट कॉलेजातून जाणाऱ्यांकडून विद्यापीठं शिक्षकांचीच पत्रं मागतात, इथे तुला नोकरी नाही म्हणून काही अडत नाही. ज्या मॅडमना तू फारशी माहीत नाहीस त्यांच्याकडे तुझा सगळ्यात चांगला प्रोजेक्ट किंवा निबंध घेऊन जा, वाचायला दे, आठ दिवसांनी परत जा, त्यावर बोल, मग पत्राचं विचार.

तूच लिहून आण म्हणणाऱ्या सरांवर चिडू नको, त्यांच्याकडे तुझ्यासारखे चाळीस येतात. पण अख्खं पत्र स्वतः लिहू नको, दोघांची पत्रं एकाच हातची वाटली की संपलं. त्यांना एका कागदावर मुद्दे दे, कोणत्या वर्षी कोणता विषय शिकवला, वर्गात कशावर वाद झाला, प्रोजेक्टला किती मार्क दिले, बाकी त्यांना त्यांच्या भाषेत लिहू दे. इंग्रजी जरा ओबडधोबड झालं तरी चालेल.

आणि पत्र कागदावर जात नाही हे त्यांना आधीच सांग. विद्यापीठाकडून त्यांच्या ईमेलवर लिंक येते, त्यात त्यांनी स्वतः पत्र टाकायचं असतं. शक्यतो कॉलेजच्या नावाचा ईमेल द्यायला सांग, जीमेलवर काही ठिकाणी शंका घेतात. माझ्या वेळी माझे एक सर रोज फोनवर म्हणायचे, अगं काही आलंच नाही, आणि मी रोज लंडनला मेल करत बसले. शेवटी मुदतीच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेले, काकूंनी पोहे दिले, सरांनी कॉम्प्युटर लावला, तर ती लिंक अठरा दिवस स्पॅममध्ये पडून. पोहे तसेच राहिले, आधी पत्र टाकून घेतलं.